गाद्याचं तेल

दम्याला गाद्याच्या तेलासारखं औषध नाही, हे मुळशीच्या मावळात कुणी ठरवलं देव जाणे. गादा म्हणजे समुद्रातला डॉल्फिन, आणि समुद्र तर इथल्या कुणाच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. पण गादा दमत नाही, तेव्हा त्याची चरबी पोटात गेली की माणूसही दमायचा नाही, असं हे सरळ शहाणपण. कुशाबाचा दमा बळावला तसा त्याचा धाकटा भाऊ भैरू ताम्हिणी उतरून कोकणात गेला आणि बाटली घेऊन आला.

रंभाबाई नवऱ्याची पाठ चोळत होती. भैरूला कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

"वैनी, त्येला बी आपल्यावानी श्वास घ्याया वर यावं लागतं! नाक डोक्यावर. निवांत चालला की एका श्वासावर लई वेळ खाली ऱ्हातो. होडी मागं लागली की पळतो, अन् घडीघडी वर येतो फुसफुसत. पळन्यातच समदा श्वास सरतो त्येचा. ह्यो जाळ्यात घावला. लई तडफडला. कोळी म्हनला, गप पडला असता तर जाळं वर वडस्तोवर श्वास पुरला असता. तडफडूनच मेला बघा. पान्यातला जीव, पान्यातच गुदमरला!"

भैरू खो खो हसला. रंभाबाईचा हात मात्र नवऱ्याच्या पाठीवर थांबला. तिला जे कळायचं ते कळलं होतं.

"उद्या कुशाबाला डोंगरावर न्यू, देवीपुढं बाटली ठिवू, मंग पाजू," सासू सगुणाबाई म्हणाली.

धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा कुशाबाच्या बापानं देवी डोक्यावर घेऊन डोंगरावर नेली होती. घरं बुडाली, भातखाचरं बुडाली, उरला एवढा मान: ह्या घरचा माणूस देवीला स्वतःच्या पायांनी जातो.

"डोलीतनं न्या त्यांस्नी," रंभाबाई म्हणाली.

"डोलीत? माझा ल्योक काय पांगळा हाय?"

"आत्याबाई, मासा कशानं मेला ते आत्ताच ऐकलं न्हवं का?"

"त्यो मासा व्हता, वैनी," भैरू म्हणाला.

कुशाबानं धापा टाकतच मान हलवली, चालतो म्हणून. मेल्या मानापायी माणसं जिवावर उदार होतात आणि नाव देवाचं घेतात.

अर्ध्या चढावर कुशाबानं दगडाला मिठी मारली. ओठ निळे पडले होते.

"बसू द्या त्यांस्नी!" रंभाबाई ओरडली.

भैरूनं भावाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. "दादा, बसलास की पाय गळत्याल. आलंच देऊळ."

देऊळ आलं. कुशाबा पायरीवर टेकला तो पुन्हा उठलाच नाही. बाटलीचं बूच तसंच होतं.

कुशाबाचे दिवस झाले आणि पौडाहून कोंडिबा तेल मागायला आला. त्याच्या बायकोलाही दमा होता.

"आमच्याला गुन आला न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "ज्येचं त्येचं नशीब."

भैरूनं गाद्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. रंभाबाईनं फडताळातून बाटली काढून कोंडिबाच्या हातात दिली.

"न्या. पर बाईला कुटं चढवू नगा," ती म्हणाली.

"...तडफडूनच मेला बघा," भैरू म्हणत होता.

"त्येला कोळ्यांनी धरलं व्हतं, भावजी," रंभाबाई म्हणाली. "ती परकी मानसं."