एक हजार चोवीस

माणसाने आपली मर्यादा ओळखून राहावं, असं थोर लोक सांगून गेले. इस्पितळाच्या संगणक खोलीत ती ओळखायची गरज नव्हती; मशीनसोबत आयतीच आली होती. एका प्रोग्रामने एका वेळी एक हजार चोवीस फायली उघड्या ठेवाव्यात, पुढे नाही. हा आकडा कोणी ठरवला हे ठाऊक नसल्यामुळेच खोलीचे साहेब त्याला देवासारखं मानत. त्यांना सगळे ‘जैसे थे’ म्हणत, तेही तोंडावर.

त्या सकाळी प्रयोगशाळेचा प्रोग्राम नऊशे ऐंशीवर होता. साहेबांच्या हाताखालच्या बाईंच्या आईचं अकराला ऑपरेशन होतं. रक्त गोठण्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय भूलतज्ज्ञ सुई उचलणार नव्हते, आणि रिपोर्ट याच मशीनमधून जायचा.

“सर, मर्यादा वाढवू या.”

“ज्यांनी सिस्टिम लिहिली ते काय गोट्या खेळत होते?”

“त्यांना आपलं इस्पितळ कुठे माहीत होतं?”

“आपल्याला तरी कुठे माहीत आहे, बाई!”

पावणेदहाला आकडा एक हजार चोवीसला टेकला. रिपोर्ट रांगेत अडकले. त्याच मशीनवरचे औषधं, भरती, खाटांचे प्रोग्राम मात्र सुरळीत. साहेब चहाला गेले. बाईंनी एक ओळ लिहिली. नवी मर्यादा : दहा लाख.

आकडा निघाला. दोन हजार. नऊ हजार. चाळीस हजार. प्रोग्राम फाईल उघडायचा आणि मिटायला विसरायचा, वर्षानुवर्षं. साहेब दर रविवारी मशीन बंद-चालू करत, म्हणून खपून जायचं. गेल्या रविवारी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. आता अडकलेला एकेक रिपोर्ट पुन्हा पुन्हा धडका मारत होता, आणि दर धडकेला नवी फाईल उघडी पडत होती.

साहेब परतले. “किती केलीत?”

“पुष्कळ.”

मशीनचे पंखे घोंघावू लागले. औषधांचा पडदा गोठला. मग भरतीचा. मग खाटांचा. टेबलावरचे तिन्ही फोन एकदम वाजले; कोणीच उचलले नाहीत. रांगेत आईचा नंबर अडुसष्टावा होता. मशीन एकोणसाठाव्यावर थिजलं.

बाई चार जिने धावत चढल्या. भाऊ ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर पेपर वाचत होता.

“अगं ताई, आईला दहालाच आत नेलं.”

“आणि रिपोर्ट?”

“प्रयोगशाळेवाल्यांनी कागदावर लिहून दिला. इथे नेहमी तसंच देतात.”