मिरचीच्या गाळ्यातली समाधी

मार्केट यार्डात भर सकाळी माणूस दिसला तर तो एक तर माल उतरवत असतो, नाही तर भाव पाडत असतो. त्या उन्हाळ्यात मात्र निम्मा भुसार विभाग बापूराव बिबव्यांच्या मिरचीच्या गाळ्यात मांडी घालून बसलेला असे आणि एका कॉम्प्युटरकडे बघून रडत असे.

मी शेजारच्या गाळ्यात रिकाम्या पोत्यांचा व्यापार करतो. मधली भिंत अर्धीच आहे, त्यामुळे तिकीट न काढता मला सगळं दिसे. मिरचीच्या थप्प्यांना लागून चौरंग, चौरंगावर कॉम्प्युटरचा उभा डबा. डब्यावर एकावर एक शाली, शालींवर झेंडूचे हार. पुढच्या चालू-बंद करायच्या बटणाला कुंकवाचा टिळा. बाजूच्या स्क्रीनवर कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं लवंगी मिरचीचं बिल. येणारा माणूस त्या बिलालाही हात जोडून पुढे सरके.

डब्यासमोर, अगदी चौरंगाला गुडघा लावून, संगणकानंद महाराज बसत. ते पूर्वी काय करत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आवाज मात्र गोड होता.

"कॉम्प्युटरच्या स्मृतीला रॉम, रॉम म्हणता तुम्ही," महाराज सांगत. "अरे, लिहून तर बघा. रामाच्या डोक्यावर चंद्र काढला की रॉम होतो. राम आणि चंद्र. कोण झाला?"

"रामचंद्र," सगळे म्हणत.

"हार्ड डिस्क म्हणजे गेल्या जन्मांचं संचित. पुसलं तरी पुसत नाही. मदरबोर्ड म्हणजे आदिमाया, नावातच आई आहे. आणि गणपतीचा उंदीर तर रोज तुमच्या मुठीत असतो. तरी विचारता, देव कुठे आहे."

एवढ्यात डब्यातून टीं टीं आवाज येई. महाराज बोट वर करत. "ओंकार सुरू झाला." मग स्क्रीन काळा पडे, दिवा विझे आणि गाळ्यात शांतता पसरे. डब्याला सगळे माता म्हणत; त्या मातेला समाधी लागलेली असे. डब्याच्या पाठीमागे जागा मिळालेले भक्त तोवर घळाघळा रडत असत, शिंकत असत. जो रडला त्याचं पाप डोळ्यांवाटे गेलं आणि जो शिंकला त्याचं नाकावाटे, असा महाराजांचा निवाडा होता. मी भिंतीपलीकडे कोरडाच राही, म्हणून मला 'पाषाण' म्हणत.

मग उत्थापन. महाराज एक शाल स्वतःच्या मांडीवरून थेट डब्यापर्यंत पांघरत, बाकीच्या बाजूला काढायला लावत, डब्यावर चवरी ढाळत स्वतः रचलेलं लांबलचक स्तोत्र म्हणत. शेवटी दोन्ही हात डोक्यावर जोडून म्हणत, "उत्तिष्ठ." आणि दिवा लागे. हात तर डोक्यावर. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

हे सगळं सुरू कसं झालं ते मला राजनंदिनीने सांगितलं. ती बापूरावांकडे बिलं करते. वर्ध्याची आहे, बोलणं मोजकं. नव्या मिरचीची आवक वाढली तसा कॉम्प्युटर टीं टीं करून बंद पडायला लागला.

"मी शेठला म्हटलं, बुधवार पेठेतून दुरुस्तीचा माणूस बोलवा, आतून साफ करून घेऊ. ते म्हणाले, सीझन हाय, मग बघू. आणि एका गिऱ्हाइकाने हे महाराज आणले."

"आणि तू आता कुठे बसतेस?"

"थप्पीमागे. बिलं हाताने करते. माझी सावली पडली की मातेची समाधी लांबते म्हणे."

एवढंच असतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती. एक माणूस कॉम्प्युटरपुढे रडला तर जगाचं काही बिघडत नाही. बरेच जण पगार घेऊन रडतात. पण मग दशरथ तिथे बसायला लागला.

दशरथ आमच्याकडचा जुना हमाल. मिरचीची पोती वाहून त्याची छाती कायमची वाजते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर कल्याणींनी त्याला ओढायचा पंप दिला होता आणि तो खिशात असला की गडी पोतं उचलायचा. महाराजांनी त्याला जवळ बोलावलं.

"हे काय खिशात?"

"दम्याचा पंप हाय, महाराज."

"परावलंबन. साक्षात मातेचा श्वास इथे वाहतोय आणि तू डबीतली हवा ओढतोस?"

त्याची बायको, बायडाबाई, तिथेच होती. तिने नवऱ्याच्या खिशातून पंप काढला, चौरंगावर ठेवला आणि त्याला फूल वाहिलं. दशरथला डब्याच्या मागे, जिथून गरम वारा येतो तिथे, नाक लावून बसवलं. तो खोकायला लागला. महाराज म्हणाले, कफ सुटतोय. त्याला जास्त खोकला आला. महाराज म्हणाले, जास्त सुटतोय.

दोन-चार दिवसांनी दुपारी मी हिशेब करत होतो आणि भिंतीपलीकडून शिट्टीसारखा आवाज आला. पाहिलं तर दशरथची छाती भात्यासारखी चालली होती, ओठ निळसर झाले होते आणि त्याला शब्द फुटत नव्हता. बायडाबाई त्याची पाठ चोळत होती.

"महाराज, ह्यास्नी काय हुतंय?"

"घाबरू नकोस. त्यालाही समाधी लागते आहे."

राजनंदिनी थप्पीमागून उठली. भक्तांच्या मांड्यांवरून वाट काढत ती सरळ चौरंगापाशी गेली, फूल झटकून पंप उचलला आणि दशरथच्या तोंडात धरला. "ओढा, काका. जोरात." मी भिंतीवरून उडी मारली. या वयात मारायला नको होती, पण मारली. आम्ही दोघांनी त्याला हातगाडीवर घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर कल्याणींनी त्याला वाफेचं औषध लावलं. हळूहळू शिट्टी कमी झाली, रंग परत आला. बायडाबाई बाकड्यावर बसून होती.

"याच आठवड्यात लाल डोळ्यांचे कितीतरी लोक आले," डॉक्टर म्हणाल्या. "कुठे बसता विचारलं की सगळे छताकडे बघतात. काय आहे तिथे?"

राजनंदिनीने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, सगळे त्यांचे हात बघतात. पाय कोणी बघत नाही. बटणावरचं कुंकू दर समाधीनंतर पुसलेलं असतं. मी रोज बघते."

डॉक्टर म्हणाल्या, "दशरथना मी घरी बसायला सांगीन. उद्या ते नाही तर दुसरं कोणी तिथे नाक लावून बसेल. मला तुमची ती माताच तपासली पाहिजे. आणि त्याआधी महाराजांचे पाय."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली समाधी उतरल्यावर डॉक्टर एक परात आणि पांढराशुभ्र टॉवेल घेऊन गाळ्यात आल्या. गर्दीने वाट दिली. दवाखान्यातली बाईसुद्धा शरण आली म्हटल्यावर भक्तांना भरून आलं.

"महाराज, पाद्यपूजा करायची होती."

"अवश्य. भाव महत्त्वाचा."

"इथे नको. पाणी मातेवर उडेल. जरा भिंतीशी, उजेडात बसाल?"

नाही म्हणायला महाराजांकडे कारण नव्हतं. पाद्यपूजा नको म्हणणारा महाराज अजून व्हायचा आहे. बापूरावांनी स्वतः पाट मांडला. डॉक्टरांनी आधी कोरड्या टॉवेलने उजवा पाय पुसला, टॉवेल घडी करून बाजूला ठेवला आणि दोन्ही पाय परातीत घेतले. मग त्या पाय धुऊ लागल्या. बोटांच्या बेचक्यांतून, घोट्यांभोवती, काही घाई नाही. असे पाय त्या माणसाच्या आईनेही कधी धुतले नसतील.

तिकडे डबा शालींखाली तापतच होता. ओंकार झाला. दिवा विझला. समाधी लागली. भक्त रडून झाले आणि महाराजांकडे बघायला लागले.

"उठवा की, महाराज," बापूराव म्हणाले.

महाराजांनी पाय काढायला बघितला. डॉक्टरांनी टाच धरली. "थांबा, इथे भेग आहे. मलम लावते. तुम्ही इथूनच म्हणा. मंत्राला अंतर कसलं?"

कुणीतरी शाली काढल्या, कुणी चवरी ढाळली. महाराजांनी स्तोत्र म्हटलं, हात जोडले. "उत्तिष्ठ."

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा सगळं स्तोत्र म्हटलं, या वेळी जरा वरच्या पट्टीत. "उत्तिष्ठ." मग नुसतंच, "ऊठ." भिंतीपलीकडून मीसुद्धा मनातल्या मनात जोर लावून पाहिला.

"आज माता रुसली आहे," महाराज म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"राजनंदिनी, तुम्ही बघता का?" डॉक्टर म्हणाल्या.

राजनंदिनी चौरंगापाशी गेली आणि एका बोटाने बटण दाबलं. दिवा लागला. आत पंखा घरघरला.

डॉक्टरांनी टॉवेलची घडी उलगडून सगळ्यांपुढे धरली. पांढऱ्या कापडावर अंगठ्याएवढा कुंकवाचा गोल उमटला होता.

"मांडीवरच्या शालीखालून उजव्या पायाच्या अंगठ्याने बटण दाबायचं. हात डोक्यावर असले की झालं."

"अंगठा निमित्तमात्र," महाराज म्हणाले.

"असेल. पण ते निमित्त बोटानेही होतं."

बापूराव उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "पण मॅडम, समाधी? ती तर आम्ही रोज बघितलीया. ती कोण लावत नव्हतं."

"ती खरी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डब्याला ताप आहे. माणसाला ताप आला तर मी काय विचारते? कधीपासून आहे, कशाने वाढतो, कशाने उतरतो."

"मिरचीची आवक वाढली तेव्हापासून," राजनंदिनी म्हणाली. "शाली घातल्या की लवकर बंद पडतो. शाली काढून वारा घातला, थोडा वेळ थांबलं, की पुन्हा चालतो."

"म्हणजे ते स्तोत्र नुसतं वेळ काढायला होतं. तेवढ्यात डबा थंड व्हायचा. फार तापलं की आतले भाग जळू नयेत म्हणून कॉम्प्युटर आधी ओरडतो आणि मग स्वतःच बंद होतो. आता का तापतो ते बघू. आधी विजेची पिन काढा."

पिन काढली. डबा बाहेर ओट्यावर नेला, नाकाला रुमाल बांधले आणि राजनंदिनीने बाजूचं झाकण उघडलं.

आत सगळं लाल होतं. मिरचीची पूड पंख्याच्या पात्यांवर साचली होती आणि त्याच्याखालच्या धातूच्या फटींमध्ये घोंगडीसारखी घट्ट बसली होती. हवा जायला जागाच नव्हती. पंख्याच्या दांड्याला हाराचा दोरा गुंडाळलेला आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. जी काही हवा आत जात होती ती पूड घेऊन मागून बाहेर पडत होती, थेट भक्तांच्या तोंडावर. थेट दशरथच्या छातीत.

बापूरावांनी चिमूटभर पूड उचलली आणि जिभेवर ठेवली.

"लवंगी हाय," ते हळूच म्हणाले. "आपलाच माल." मग, "म्हंजे आम्ही रडलो ते?"

"माल अस्सल आहे म्हणून रडलात," डॉक्टर म्हणाल्या.

राजनंदिनीने ब्रशने सगळं झाडून काढलं, दोरा सोडवला. डबा गाळ्यात न नेता वरच्या खोलीत, पोत्यांपासून लांब, उघडा ठेवला. संध्याकाळपर्यंत तिने साचलेली बिलं चढवली. एकदाही ओंकार झाला नाही. पुढे बुधवार पेठेतून नवा पंखा आणून बसवला.

महाराज ओल्या पायांनीच निघाले होते. डॉक्टरांनी त्यांना अडवलं नाही, एवढंच सांगितलं, "चमत्काराचा दावा करून लोकांना फसवण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. मी आज चौकीवर तक्रार देणार आहे. बायडाबाई माझ्याबरोबर येताहेत." बायडाबाई पदर खोचून उभी होती. महाराजांकडे बघून म्हणाली, "माझ्या हातानं काढून घेतला हो मी त्यांचा पंप." महाराज खाली बघत चपला शोधत राहिले.

गर्दी पांगताना एका भक्ताने डॉक्टरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्यांनी त्याचा डोळा उघडून बघितला आणि थेंब लिहून दिले.

मला एका गोष्टीचं नवल वाटतं. हीच माणसं मिरची घेताना नुसत्या वरच्या मालावर कधी भुलत नाहीत. पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात, तळातली मिरची बाहेर काढतात, मोडून बघतात, हुंगतात, दाताखाली धरतात. विकणारा सख्खा मेहुणा असला तरी. त्यात मेहुण्याचा अपमान होत नाही. तो व्यवहार असतो. मग चमत्कारापुढेच का डोळे मिटायचे? देव मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण कुणी तुमच्यापुढे चमत्काराचं पोतं उघडून बसला तर संकोच करू नका. कोपरापर्यंत हात घाला आणि तळाशी काय आहे ते बघा. यंत्र बंद पडलं तर पिन काढून त्याचं झाकण उघडा. आणि छातीत दम कोंडला तर कुणी काहीही सांगो, आधी डॉक्टरकडे जा.