उजवीकडची भिंत

मित्रांनो, हसू नका, पण मी फार भित्री आहे. मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स. काचा घासून, एकीमागे एक बसवून मला घडवले आणि बावीस वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात कृष्णातमामांच्या स्टुडिओत आले. जागा कितीही अरुंद असो, अख्खा मांडव मी एका फोटोत घ्यायचे. लोक वाहवा करायचे. मात्र मला एक खोड आहे. फोटोच्या कडेची सरळ रेघ मी बाहेर फुगवते. एका नव्याकोऱ्या बंगल्याचा खांब फोटोत वाकडा आला, तेव्हा मालकाने मामांना चांगलेच फैलावर घेतले. तेव्हापासून काहीही वाकडे दिसले की खापर माझ्यावर. पुढे नव्या लेन्स आल्या आणि माझी रवानगी कपाटात झाली. मला भंगारात टाकतील, ही धास्ती मी तिथे रोज घेऊन बसायचे.

गेल्या वर्षी गल्लीतल्या बालवाडीचा फोटो काढायचा होता. मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून मामांनी मला बाहेर काढले. पुढे पस्तीस मुले, मागे बालवाडीची बैठी इमारत. फोटोत तिच्या दोन्ही कडेच्या भिंती फुगलेल्या आल्या.

मामांची मुलगी स्वप्नाली संगणकावर फोटोच्या दोन्ही कडा एकदम, सारख्याच सरळ करू लागली. डावी भिंत सरळ झाली. उजवी मात्र थोडी फुगलेलीच राहिली. मी तर दोन्ही कडा सारख्याच वाकवते! मग उरलेला फुगवटा माझा नव्हता. त्याच भिंतीला टेकून मुले खाऊ खाताना मी पाहिली होती. पण मला बोलता कुठे येते?

"त्या लेन्सचं रोजचंच हाय," मामा म्हणाले. "तेवढी बाजू ओढून सरळ कर आन् दे धाडून."

स्वप्नालीने माउस धरला. ओढू नकोस गं, ओढू नकोस, असे मी मनातल्या मनात ओरडत होते. फोटोतली भिंत सरळ झाली असती, तर खरी भिंत कोणी पाहिलीच नसती.

तिचा हात थांबला. "बाबा, डावी झाली, मग उजवी का न्हाय? चला की, बघून येऊ."

जाताना त्यांनी गुंडू गवंड्यांना बरोबर घेतले. मामांच्या गळ्यात कॅमेरा होता, त्यामुळे मीही गेले. गुंडूंनी उजव्या भिंतीलगतच्या बोळात शिरून वरून वजन बांधलेली ओळंब्याची दोरी सोडली. ती मध्येच भिंतीच्या पोटाला टेकली.

"चार बोटं फुगलीया की! पोरं आदी भाईर काढा!"

बालवाडीच्या पूर्णिमाबाईंनी मुलांना शेजारच्या तालमीत नेले. तिसऱ्या दिवशी भरदुपारी भिंत बोळात कोसळली आणि छप्पर खाली आले. मुले बसायची, तिथेच. आत कोणी नव्हते.

मामांनी मला मऊ कापडाने पुसले. "चुकलं बाई माझं," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, माझी वाकडी रेघ जरूर सरळ करा. पण एखाद्याची खोड ठाऊक आहे म्हणून सगळेच त्याच्यावर ढकलून मोकळे होऊ नका. उठून एकदा बघून या. मी आता पुन्हा कामावर असते, पण भीती काही गेलेली नाही. फोटोत कुठे भिंत फुगलेली दिसली की मी म्हणते, देवा, ही चूक माझीच असू दे.