हिमनदीवरून परतलेला दोर

मी एक जुना गिर्यारोहणाचा दोर आहे, मित्रांनो. उदगीरला विशाखाताईच्या घरी खुंटीवर टांगलेला असतो. अंगाचा निळा रंग आता विटला आहे. उन्हाळ्यात वरचे पत्रे तापले की मला बर्फाची फार आठवण येते.

माझा जन्म कारखान्यातला. आत धाग्यांचा पांढरा गाभा आणि वर विणलेले निळे आवरण. ताईने मला घरी आणले तेव्हा तिची आई, भामाबाई, म्हणाली, "एवढा लांब दोर? आपल्याकडं विहीर तरी हाय का?" ताई नुसती हसली. माहूरच्या कातळांवर आमचा सराव झाला आणि आम्ही हिमालयात गेलो.

तिथे एक मोठी हिमनदी ओलांडायची होती. कितीतरी दिवसांची वाट. पुढे ताईचा सोबती, बिलोलीचा सुगत, मध्ये ताई, मागे वाटाड्या, आणि तिघांच्या कमरेला मी. पहाटे मी गारठून काठीसारखा ताठ व्हायचो. ताई मला हातांत घोळवून सैल करायची. ते सुख पुन्हा मिळाले नाही.

एका सकाळी सुगतच्या पायाखालचा बर्फ खचला. खाली खोल भेग होती. तो दिसेनासा झाला आणि मला जबर हिसका बसला. ताई आपटली, तिचा गुडघा पिरगळला, तरी तिने हातातली बर्फ फोडायची कुऱ्हाड बर्फात रुतवली. भेगेच्या कडेवर मी करकरत घासत होतो.

"सुगत, बोल की रे!" ताई ओरडली.

"हाव, हाय मी!" खालून आवाज आला. "सोडू नको."

"जीव गेला तरी सोडत न्हाई!"

वाटाड्याने बर्फात खुंट रोवून मला त्याला बांधले. दोघांनी मिळून सुगतला वर ओढले. वर येताच तो मला छातीशी धरून रडला.

ताईचा गुडघा मात्र पुन्हा धड झाला नाही. तिची चढाई तिथेच संपली. आजही ती कधीतरी मला मांडीवर घेऊन बसते.

यंदा तिची धाकटी बहीण अंजू त्याच हिमनदीकडे निघाली. तिने मला पाठपिशवीत भरले. मित्रांनो, मला कोण आनंद झाला!

"तो न्यायचा न्हाई," ताई म्हणाली.

"का गं? सुगतदादाला ह्यानंच वाचवलं की."

"म्हणूनच न्यायचा न्हाई."

ताई मला बोटांनी चाचपत गेली आणि एका जागी थांबली. मग तिने कात्री घेतली. त्या जागी तिने आवरण कापले. आवरण फाकले, तर आतले धागे त्या दिवशीच्या हिसक्याने तुटून पिंजले होते.

अंजूचा चेहरा उतरला. "वरून तर काहीच दिसत नव्हतं, ताई."

माझ्या आतले मलाही कुठे ठाऊक होते? मी तर निघायच्या आनंदात होतो.

अंजू नवा दोर घेऊन गेली. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर जीव टांगायचा, त्याला आधी हातांनी नीट चाचपून बघा. तो थकला असेल तर त्याला मायेने घरी ठेवा. त्याला विचारू मात्र नका. मला विचाराल, तर मी आजही येतोच म्हणेन.