तिळांसाठी स्कॉटलंडची नोट

दुकानदार श्रीकांतने नोट उजेडाकडे धरली, बोटांनी चोळून पाहिली आणि मग नोट सोडून सुप्रभाकडेच निरखून पाहू लागला.

"स्कॉटलंडच्या बँकेची आहे, पौंडच आहेत," ती म्हणाली.

"तेच तर. मागच्या महिन्यात अशाच दोन खोट्या माझ्या गळ्यात मारून गेलं कोणी. कार्ड नाही का, ताई?"

कार्ड पर्समध्ये होतं. पण एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, उशाखाली एक पाकीट सापडलं होतं. आत ही वीस पौंडांची नोट आणि वर त्यांचं थरथरतं अक्षर: 'माझ्या दहाव्याच्या तिळांसाठी. कार्ड वापरायचं नाही.' दहावा उद्याच होता. लंडनच्या पिनर भागातल्या या वाण्याच्या गल्ल्याशी येऊन अण्णांचं शेवटचं मागणं अडलं होतं.

"आता कायद्याने घ्यावीच लागते, असं मात्र म्हणू नका हं," श्रीकांत म्हणाला. "एक आजोबा यायचे एडिनबराहून, लेकीकडे. अगदी गेल्या जुलैपर्यंत. दर खेपेला अशीच नोट आणि हेच भांडण. शेवटी मीच कंटाळून घ्यायचो." एकाएकी त्याचे डोळे बारीक झाले. "त्यांनीच पाठवलंय ना तुम्हाला? बाहेर उभे राहून मजा बघत असतील."

मान लांब करून तो काचेतून रस्त्यावर पाहू लागला. सुप्रभानेही नकळत वळून पाहिलं. बसस्टॉपवर कोणी नव्हतं.

त्या भांडणांच्या वेळी लाज वाटून ती तिथेच थांबायची. असा काही कायदा नाही, दुकानदार कुठलीही नोट नाकारू शकतो, हे तिने केव्हाच वाचलं होतं. अण्णांना कधी सांगितलं नव्हतं.

"या वेळी नाही आले," ती म्हणाली.

श्रीकांतची नजर काउंटरवर आली. काळे तीळ. जवाचं पीठ. त्याने दोन्ही पुड्या तिच्याकडे सरकवल्या.

"न्या, ताई. पैसे राहू द्या."

"नको. नोट घ्या."

"खरंच आहे का हो तसा कायदा?"

"आहे," सुप्रभा म्हणाली.

त्याचा विश्वास बसलेला नव्हता, हे तिला दिसत होतं. गल्ल्यात टाकण्याआधी त्याने ती नोट आणखी एकदा उजेडाकडे धरली.