हरिहर महाराजांचा कूलर

कूलर चालू होता, पण पाणी पडत नव्हतं. सुभद्रा बोळात भिंतीला कान लावून उभी होती. पंखा गरगरत होता, आतला छोटा पंप कोरडाच घरघरत होता, आणि वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी निथळायचा आवाज काही केल्या ऐकू येत नव्हता. म्हणजे टाकी रिकामी. म्हणजे आत हरिहर महाराजांच्या अंगावर सरळ भट्टीची हवा चालली होती.

ऊन असं की बोळातल्या पत्र्याकडं बघवत नव्हतं. उत्तमरावाचा भोंग्याचा ऑटो नुकताच रस्त्यावरून गेला होता. नगरपालिकेनं त्याला कागद दिला होता, त्यानं तो एकदाच घसा खाकरून वाचून रेकॉर्ड केला, आणि आता महिनाभर तोच वाजत होता. दुपारी बाहेर पडू नका, पाखरांसाठी पाणी ठेवा, चालू कूलरला हात लावू नका, नळाला मोटर लावू नका, शेजारी एकटं म्हातारं माणूस असेल तर विचारपूस करा. गावानं ते भंगारवाल्याच्या आरोळीसारखं कानाआड टाकलं होतं. सुभद्रानंही. फक्त शेवटचं वाक्य आलं की ती हातातला हार खाली ठेवायची आणि उगाच उठून चुलीकडं जायची.

"महाराज," तिनं हाक मारली. दीड महिन्यातला पहिला शब्द. तोही धड निघाला नाही.

आतून काहीच आलं नाही.

सुभद्रा फुलवाली. गावाबाहेरच्या मळ्यातून झेंडू, शेवंती आणायची, हार करायची, देवळापुढं बसायची. नवरा गेला, पोरगी ज्योत्स्ना बडनेऱ्याला दिली, आणि राहिली ती, तिचा सुईदोरा आणि मधल्या भिंतीपलीकडचे हरिहर महाराज. महाराज पूजा सांगायचे. ज्याची पूजा सांगायचे त्याला फुलं सुभद्राकडूनच घ्यायला लावायचे. त्यांचा मुलगा केदार पुण्यात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कूलर खिडकीबाहेर बोळात बसवलेला, आणि म्हाताऱ्या माणसाला बादल्या उचलून बोळापर्यंत येणं होत नव्हतं. म्हणून दर उन्हाळ्यात सुभद्राच आपल्या ड्रममधून पाइप ओढून त्यांची टाकी भरायची. त्याची एक रीत पडून गेली होती. कूलरच्या पत्र्यात करंट उतरायचा, हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या. म्हणून ती बोळातून विचारायची, "बंद?" आतून महाराज बटण दाबून म्हणायचे, "बंद." मगच पाइप टाकीत. भरलं की "सोडा", आणि पंखा फिरायचा. एवढंच बोलणं, पण सकाळ-संध्याकाळ.

मग चैत्रात ते सगळं तुटलं.

नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं. सगळ्यांनीच मोटरी लावलेल्या, सुभद्रानंही. महाराजांचं घर बोळाच्या शेवटी. सगळ्यांच्या मोटरींनी ओढून झाल्यावर त्यांच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. त्यांनी दोनदा दारात येऊन सांगितलं. सुभद्रा म्हणाली, मी एकटीच लावते काय, बाकीच्यांना सांगा. पुढच्या पाण्याच्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली आणि बोळातली एकच मोटर उचलून नेली. तिची. समोरच्या वकिलांचीही होती, पण ती पलंगाखाली गेली.

तेव्हा सुभद्राचं डोकं जे फिरलं ते फिरलं. भर बोळात, सगळी दारं उघडी असताना, ती महाराजांच्या खिडकीकडं तोंड करून म्हणाली होती, "मरा आता तसेच. थेंबभर पानी टाकनार नाई मी तुमच्या कूलरात."

हे ती म्हणाली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हापासून महाराज स्वतःच तांब्या-तांब्यानं टाकी कशीबशी ओली ठेवत आले होते, आणि आता कूलर कोरडा चालला होता.

ती घरात आली. झेंडूचं टोपलं पुढं ओढलं. सुई फुलात जाईना, बोटात गेली. झोपले असतील, ती मनाशी म्हणाली. जेवून पडले असतील. पण सकाळपासून त्यांच्या घरातून ताटवाटीचाही आवाज आला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंत एकच. बोलणं बंद होतं, कान थोडेच बंद होते. परत जाऊन हाक मारावी, तर त्यांनी ओ दिली तर काय बोलायचं? आणि नाही दिली तर?

दुसऱ्या प्रश्नासरशी तिनं टोपलं बाजूला सारलं. ती उठली.

"बंद?" बोळात येऊन तिनं विचारलं. का विचारलं, तिलाही कळलं नाही. हातात पाइप नव्हता, काही नव्हतं. पंखा गरगरत राहिला.

मग ती पुढच्या दाराला गेली. आतून कडी. दार वाजवलं, मग थापा मारल्या, मग दोन्ही हातांनी धडाधड. सगळ्या बोळात कूलर घोंघावत होते. कोणाला काय ऐकू जाणार? समोरच्या कुंदाबाईंनी, वकिलांच्या बायकोनं, दार चार बोटं उघडलं. सुभद्रानं सांगितलं. कुंदाबाई म्हणाल्या की अगं, झोपले असतील, त्यांचा उपास असतो, आणि दार तोडलं न् उद्या केदार काही म्हणाला तर निस्तरायचं कोणी? मग दार लावता लावता थांबल्या.

"तुझं तर त्यांच्याशी बोलणं नाही ना?" कुंदाबाई म्हणाल्या.

साधंच विचारल्यासारखं. पण उद्या हेच बोलतील, तिला दिसलं. ओट्याओट्यावर. हिनंच म्हटलं होतं मरा म्हणून.

लांबून भोंगा ऐकू आला. उत्तमराव परत फिरला होता. सुभद्रा अनवाणीच धावली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. डांबर तळव्याला चिकटत होतं. ब्रेक दाबत उत्तमराव आधी बोललाच.

"काहून वं, मरतं काय उन्हात? मी सकाळपासून बोंबलून राह्यलो ते कोनासाठी?"

"महाराज दार उघडून नाई राह्यले."

"आवाज दे मंग."

"दिला."

उत्तमरावानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि रेकॉर्ड बंद केलं. ऑटो बोळाच्या तोंडाशी लावून त्यानं माइक हातात घेतला. "हरिहर महाराज, दार उघडा. मी उत्तम बोलून राह्यलो. हरिहर महाराज." भोंग्यातून ते नाव सगळ्या मोहल्ल्यावर गेलं. एकेक दार उघडलं, माणसं डोक्यावर दुपट्टे टाकून ओट्यांवर आली. ज्याचं नाव घेतलं त्याचंच दार तेवढं उघडलं नाही.

दार सागवानी, धक्क्याला दाद देईना. खिडकीतून जायचं तर मधे कूलर. कूलरसाठी गज कधीच कापलेले होते, तेवढी बरी गोष्ट. उत्तमरावानं बाहेरच्या मीटरच्या पेटीतून कटाउट, म्हणजे फ्यूज, उपसून काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. पंखा हळूहळू थांबला.

"ओढा आता," तो म्हणाला.

कोणी पुढं झालं नाही. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीत एक तरणा माणूस कूलर पुसता पुसता चिकटून गेला होता. सगळ्यांना तेच आठवत होतं. सुभद्रालाही. कटाउट काढलंय हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी हात पुढं जाईना. इतकी वर्षं आतून "बंद" ऐकल्याशिवाय तिनं त्या पत्र्याला बोट लावलं नव्हतं. तिनं कोरडं पोतं हाताला गुंडाळलं, डोळे मिटले आणि पत्रा धरला.

काही झालं नाही. नुसता चटका बसला, उन्हाचा.

उत्तमराव आणि तिनं मिळून कूलर स्टँडवरून खाली घेतला. उत्तमरावाचं पोट त्या चौकटीतून जाणं शक्यच नव्हतं. सुभद्रा गेली.

आत अंधार होता आणि अंधारापेक्षा जास्त उकाडा. महाराज खाटेच्या आणि देव्हाऱ्याच्या मधे जमिनीवर पडले होते. धोतर सुटलेलं, ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे. तिनं कपाळाला हात लावला आणि मागं घेतला. तव्याला लागावा तसा. घाम एक थेंब नाही. छाती वरखाली होत होती, पण फार बारीक.

"पानी द्या त्याइले आधी," बाहेरून उत्तमराव म्हणाला.

तिनं माठात गडवा घातला. गडवा तळाला खण्णकन वाजला. ड्रमकडं धावली, ड्रम पालथा घातलेला. बादलीत पांढऱ्या खाराची रेघ. स्वयंपाकघरात घासायची भांडी तशीच, त्यांवर अन्न वाळून चिकटलेलं. शेवटी देव्हाऱ्यातल्या तांब्यात ओंजळभर पाणी सापडलं, त्यात तुळशीचं पान. एवढं तहानेलं माणूस, पण देवाच्या तांब्याला हात लावला नव्हता. सुभद्रानं तो उचलला आणि बोटांनी थेंब थेंब त्यांच्या ओठांवर सोडला.

आणि तेव्हा तिला खरी भीती कशाची ते कळलं.

कारण तिनं दुसरी मोटर आणली होती. पहिली नेल्यावर आठच दिवसांत. कोणाला माहीत नव्हतं. पाण्याच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत ती लावायची, आवाज होऊ नये म्हणून वर गोधडी टाकायची आणि उजाडायच्या आत लाकडाच्या ढिगाखाली ठेवायची. दुपारपासून ती आपल्या शब्दांना भीत होती. शब्दानं कोणी मरत नाही. हा माणूस कोरड्या माठाशेजारी पडला होता, आणि ते पाणी भिंतीपलीकडं तिच्या ड्रममध्ये काठोकाठ भरलेलं होतं.

दाराची आतली कडी तीनदा सटकली, मग निघाली.

भोंग्याच्याच ऑटोतून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सुभद्रा मांडीवर डोकं घेऊन बसली आणि लोकांनी दिलेल्या ओल्या चादरीनं वाटभर त्यांचं अंग पुसत राहिली. दवाखान्यात सलाइन लावलं, काखेत, मानेशी बर्फ ठेवला. नर्सबाई म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. सोबत कोण, असं त्यांनी विचारलं. सुभद्रा म्हणाली, शेजारीण. मग भिंतीशी जाऊन खाली बसली, कारण तो शब्द तिच्याच्यानं उभ्यानं पेलवला नाही.

महाराज शुद्धीवर आले ते दुसऱ्या दिवशी. बराच वेळ छताकडं बघत होते. मग मान वळवली आणि ती दिसली. घोटभर पाणी प्यायल्यावर म्हणाले, "तक्रार मीच केली होती, सुभद्राबाई."

"माहीत हाय मले."

"सगळ्यांची केली होती. त्यांनी एकट्या तुमचीच नेली."

सुभद्रानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. वॉर्डात दुसऱ्या खाटेवरचं माणूस कण्हत होतं. आता नाही बोललं तर कधीच बोलणार नाही, हे तिला कळत होतं, आणि बोललं तर काय होईल तेही.

"म्या दुसरी आनली," ती म्हणाली. "तुमच्या नळाचं पानी मीच ओढून राह्यली होती."

"हो. आवाज यायचा. भिंतीतून."

तिनं वर पाहिलं. ते रागावलेले नव्हते. तेच तिला सहन होईना.

"मंग पुन्यांदा काहून नाई सांगतलं?"

महाराजांनी डोळे मिटले.

"मागच्या वेळी सांगितलं," ते म्हणाले, "तर बोलायलाच कोणी उरलं नाही."

केदार त्याच दिवशी आला. चेहरा उतरलेला, गाडीत रात्रभर झोप नाही. त्यानं सगळ्यांसमोर सुभद्राला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की काकू, तुम्ही होतात म्हणून बाबा दिसले. ती मोटरीचं सांगायला गेली. महाराजांनी खाटेवरून तिच्याकडं पाहून मान किंचित हलवली, नको अशी. तिनं वाक्य तिथंच सोडून केदारला बसायला स्टूल ओढून दिलं. त्यांना बरं वाटल्यावर केदार दवाखान्यातूनच त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता तिथंच राहतील, म्हणाला. घराला कुलूप लावून किल्ली सोबत नेली. जाताना महाराजांनी नुसता हात उचलला.

पाण्याचा दिवस आला. सुभद्रा अंधारातच उठली, लाकडाच्या ढिगापर्यंत गेली आणि तशीच परत येऊन ओट्यावर बसली. उजाडलं. वकिलांच्या घरातूनही मोटरीचा आवाज नव्हता. त्या दुपारनंतरचं हे पहिलंच पाणी, आणि बोळात कोणीच मोटर लावली नव्हती. बोलून ठरवलं कोणीच नव्हतं.

सूर्य वर आला तसं तिला दिसलं. महाराजांच्या कुलूपबंद दाराखालून पाण्याची एक धार बाहेर आली. नळाला जोर नाही म्हणून दारामागं खड्डा खणून खाली तोटी बसवलेली असते, तशी त्यांचीही होती. तोटी सोडून ठेवून त्यांनी वाट पाहिली असणार. ती सुटलेलीच राहिली होती. खड्डा भरून आता पाणी उंबऱ्याखालून पायरीवर, पायरीवरून बोळात वाहत होतं. चांगलं, बोटभर जाडीचं.

कुंदाबाई बादली घेऊन लगबगीनं आल्या आणि पायरीशी वाकल्या.

"राहू द्या, बाई," सुभद्रा म्हणाली. "महाराजाचं पानी हाय ते."

कुंदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि बादली तशीच रिकामी घेऊन मागं फिरल्या. सुभद्रा ओट्यावर बसून राहिली. पाणी तिच्या दारावरून पुढं गेलं, बोळाच्या मातीत काळं होत होत रस्त्याला लागलं. ते आटेपर्यंत तिनं फुलाला हात लावला नाही.