दत्तारामच्या वतीने

मालन दत्ताराम धनावडे, वय वर्षे बारा, ही उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या खो-खो सामन्यात अकरा सेकंदांत बाद झाली.

असं काही झालं नाही. म्हणजे घरात तसं ठरलं आहे. मालनच्या आईने ते ठरवलं, केरूकाकाने त्यावर शपथ घेतली, आणि मुंबईत बावीस माणसांनी त्याच्या आनंदात जिलेबी खाल्ली. जी गोष्ट जिलेबीसकट पचली ती खोटी कशी म्हणायची? तेव्हा ते पहिलं वाक्य आपल्याही वाचनात आलं नाही असं समजू आणि रीतीने पहिल्यापासून सुरुवात करू.

साल चौऱ्याऐंशी. मालनचा बापूस दत्ताराम मुंबईला फोर्टातल्या एका सहा मजली इमारतीत लिफ्ट चालवायचा. सकाळी नऊला लिफ्टमध्ये शिरायचा, दिवसभर प्रवास करायचा आणि संध्याकाळी सहाला जिथून निघाला तिथेच उतरायचा. वर्षाची रजा पंधरा दिवस, ती गणपतीची. त्यामुळे मालनची नि बापाची ओळख वर्षाला पंधरा दिवस. बारा पंधरे एकशे ऐंशी, म्हणजे सगळी मिळून सहा महिन्यांची ओळख. हे गणित तिने स्वतः केलं होतं. त्यातले पहिल्या तीन वर्षांचे पंचेचाळीस दिवस तिला आठवतच नव्हते. ते फुकट गेले.

जे आठवत होते त्यांत एक हाक होती. दत्ताराम गणपतीला यायचा तेव्हा बेड्यातूनच, म्हणजे अंगणाच्या फाटकातूनच, ओरडायचा, "मालूऽऽ?" शेवट वर चढवून, कुठला मजला हवा असं विचारल्यासारखा. मालन असेल तिथून धावत सुटायची.

त्या वर्षी मे महिन्यात रत्नागिरीला तीन आठवड्यांचं क्रीडा शिबिर निघालं. पावसच्या पुढच्या वाडीतून मालन रोज पहिल्या एस.टी.ने जायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. शिबिर चालवायचे मयेकर सर. शिट्टी गळ्यात नसली की त्यांना बोलायला सुचत नसे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पोरांना शिकवायला मला तीन आठवडे पुरतात. आईबापांना तीन जन्म पुरत नाहीत. म्हणून त्यांना मी कागद देतो."

कागद सायक्लोस्टाइल केलेला होता. त्यावर होतं: पालकांनी शेवटच्या दिवशी स्वतः उपस्थित राहावे. रेषेबाहेर बसावे. खेळ चालू असता पाल्याचे नाव घेऊन हाका मारू नयेत. परत नेताना 'जिंकलीस का' असे विचारू नये, 'घाम आला का' असे विचारावे. खाली पालकांची सही.

आई अंगठा देत होती, पण मालन म्हणाली, "नको. बाबांची घेऊया." आणि तिने कागद पाकिटात घालून मुंबईला पाठवला. सोबत चार ओळी: सामना वीस मेला आहे, मी पहिल्या तुकडीत पळते, तुम्ही या.

घरी आल्यावरही सराव चालायचा. अंगणात आठ गडी बसवायला आठ पोरी कुठून आणणार? मैत्रिणी काजूच्या बिया गोळा करायला गेलेल्या. मग मालनने ओळीने एक उखळ, दोन उपडी घमेली, एक मोडका पाट, नारळाच्या सोडणांचे दोन ढीग आणि एक कोंबड्यांचं उपडं डालगं मांडलं. आठव्या जागी आई. आई तिथे बसून रातांबे फोडायची, कोकमं करायला. हात कोपरापर्यंत लाल. घड्याळ घरात नव्हतं, म्हणून वेळ रातांब्यांत मोजायची.

"किती झाले गो आई?"

"एकोनतीस. आनि मधे एक किडका निघाला, तो धरू?"

"धर."

शिबिरात सरांच्या घड्याळावर ती एकदा तीन मिनिटं दहा सेकंद पळाली होती. सर कधी कुणाला चांगलं म्हणत नसत. ते म्हणाले, "हं." मालन ते 'हं' घेऊन पावसपर्यंत खिडकीशी बसून आली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तीन मिन्टं म्हंजे किती रातांबे?" सांगण्यासारखं माणूस मुंबईला होतं आणि ते लिफ्टमध्ये होतं.

मुंबईला वाडीतल्या लोकांची एक खोली होती. दहा बाय बाराची, तिच्यात बावीस माणसं. सगळी एकदम क्वचितच असायची, एरवी पाळीपाळीने. पत्रं तिथेच यायची, आणि खोलीतले सर्वांत वडील आप्पा ती चष्मा लावून मोठ्याने वाचायचे, कारण एकाचं पत्र म्हणजे सगळ्या वाडीची खबर. मालनचं पाकीट आलं तेव्हा आप्पांनी नियम वाचून दाखवले. एकवीस माणसांनी ते नीट ऐकले. दत्ताराम त्या वेळी पाचव्या मजल्यावर होता. रात्री तो आला, आप्पांनी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली आणि कागद परत टपालात पडला. म्हणजे सही दत्तारामची, नियम ठाऊक बाकीच्यांना.

चार दिवसांनी त्याचं आंतरदेशीय आलं. "चि. मालन हिस अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. मे महिन्यात रजा मिळत नाही, घेतल्यास गणपतीची जाईल. परंतु केरू घर शाकारायला येत आहे. तो माझ्या वतीने खेळ बघेल आणि येऊन सांगेल. काळजी नसावी."

ही खोलीची जुनी रीत होती. जो गावी निघेल त्याने सगळ्यांची कामं वहीच्या कागदावर लिहून न्यायची आणि ज्याच्या त्याच्या वतीने उरकायची. कुणाच्या बायकोला स्टोव्हची पिन पोचवायची, कुणाच्या पोराला दोन थोबाडीत द्यायच्या, कुणाच्या आईजवळ अर्धा तास बसायचं.

मालनने पत्र दोनदा वाचलं.

"आई, वतीने बघितलेलं बाबांना दिसतं काय?"

"न दिसायला काय झालं? तुझ्या बारशाला पन मोरू आलेला त्यांच्या वतीने. घुगऱ्या खाऊन गेला. तुझं काय अडलं?"

मालनला बारसं आठवत नव्हतं, त्यामुळे काय अडलं ते सांगता येईना. ती अंगणात गेली आणि सात वस्तूंमधून पळत राहिली. आई त्या दिवशी आठव्या जागी आली नाही. रातांबे संपले होते.

वीस मेला मैदानाच्या कडेला बाकं मांडली होती. प्रत्येक पालकाच्या जागी त्याच्या नावाची चिठ्ठी. मालनची आई शेजारच्या शेडच्या वळचणीला बसली, कारण बाकावर 'द. रा. धनावडे' असं लिहिलं होतं आणि ती ते नव्हती. त्या जागेवर केरूकाका आला. टेरिकॉटचा शर्ट, काळा चष्मा, खिशात यादी.

मयेकर सर वही घेऊन समोर उभे राहिले. "तुम्ही धनावडे?"

"वतीने."

"कुणाच्या वतीने?"

"धनावड्यांच्या. ते लिफ्टमधे हायत."

"कुठल्या लिफ्टमध्ये?"

"आता या टायमाला..." केरूकाकाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, "तिसऱ्या-चवथ्याच्या मधे असतील."

सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि परत काढली. "नियम माहीत आहेत ना?"

"सही झालीय ना त्यांची?"

"झाली आहे."

"मग झालं तर."

नाणेफेक झाली. मालनच्या संघाची पळती आली. पहिल्या तुकडीतल्या तिघी आत उतरल्या. मालनने फ्रॉकची गाठ घट्ट केली. पायाखालची माती तापली होती. बाकाकडे बघायचं नाही असं तिने रात्रीच ठरवलं होतं. तिथे कोण नाही ते तिला पाठ होतं. शिट्टी झाली. एक हुलकावणी दिली, खांबाला वळसा घातला, साखळीत शिरली. पाय हलके होते.

इकडे केरूकाकाने यादी उघडली. कलम नऊ: "मालनचा खेळ बघणे. ती मैदानात उतरली की माझ्यासारखी हाक मारणे." हे काम त्याने वरवर घेतलं नव्हतं. हाका मारू नयेत हा नियम त्याने ऐकला होता, पण तो पालकांना होता आणि केरू पालक नव्हता. खोलीत चार दिवस तालीम झाली होती. दत्ताराम हाक मारून दाखवायचा, मग केरू मारायचा, आणि बाकीची माणसं जेवता जेवता चुका काढायची. "शेवट अजून चढव." "आता बकऱ्यावानी आली." चौथ्या दिवशी आप्पा डोळे मिटून म्हणाले, "हां. आता दत्ताराम." तेव्हा कुठे केरूची रवानगी झाली.

केरूकाका उभा राहिला, खाकरला आणि ओरडला:

"मालूऽऽ?"

मालन थांबली. थांबली म्हणजे सगळीच थांबली, पाय, श्वास, सगळं. ती वळली आणि बाकावर बघू लागली. एक बाक, दुसरं बाक, तिसरं. तिथे अनोळखी बाप होते, छत्र्या होत्या, एक काळा चष्मा होता. तिने पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं. तेवढ्यात पाठीवर हलकी थाप पडली.

शिट्टी. सरांनी घड्याळ दाबलं. अकरा सेकंद.

ती रेषेबाहेर आली आणि सरळ केरूकाकापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, हाक तुम्ही मारलीत?"

"मी नाय गो. तुझ्या बापाने. मी नुसतं तोंड दिलं." तो खुशीत होता. "जमली काय? खरं सांग."

मालनने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, हातात यादी, आणि नऊ नंबरापुढे पेन्सिलीची बरोबरची खूण.

"एकदम बाबांसारखी," ती म्हणाली.

मयेकर सर जवळ आले. हाका मारू नयेत म्हणून छापलेला कागद त्यांच्याच हातात होता आणि त्यावर सहीही होती. कुणाला ओरडावं ते त्यांना कळेना. मुंबईला ओरडायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी कागदावर होतं तेच विचारलं.

"घाम आला का?"

"नाय सर. वेळच नाय मिळाला."

सर "हं" म्हणाले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला, कारण दुसरी तुकडी उतरत होती.

केरूकाकाला उलगडा झाला तो स्टँडवर, सरबताचा ग्लास हातात असताना. त्याने चष्मा काढला. "म्हंजे माझ्यामुळं? अरे देवा. आनि आता जाऊन सांगू काय? एकवीस मान्सं वाट बघतायत वैनी."

आईने पदराने मालनची पाठ पुसली, जिथे थाप पडली होती तिथेच. मग म्हणाली, "तीन मिन्टं सांगा."

"साडेतीन सांगतो. मान्सं जास्त हायत."

"शपथ घ्या."

"घेतली."

मालनला कुणी विचारलं नाही. एस.टी.त खिडकीची जागा मात्र दिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दत्तारामचं पत्र आलं. "तू साडेतीन मिनिटे पळालीस हे केरूने सविस्तर सांगितले. कशी वाकलीस, कशी वळलीस, सर्व करून दाखवले. खोलीत जागा नसल्याने दोन माणसांना लागले. जिलेबी वाटली. लिफ्टमधून जो गेला त्यास मी सांगितले. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी पाठ थोपटली. माझी. गणपतीला आलो की मला पळून दाखव."

मालनने पत्र घडी करून डब्यात ठेवलं. साडेतीन मिनिटं पळालेली एक मुलगी आता मुंबईला होती. तिला बाप होता, तो तिच्याविषयी सहाही मजल्यांवर बोलत होता. आणि अकरा सेकंदांची मुलगी इथे होती, तिला कुणी ओळखत नव्हतं. खरं काय ते लिहावं तर आप्पा ते बावीस माणसांत मोठ्याने वाचणार, केरूकाका तिथेच भिंतीला टेकून बसलेला असणार. तिने तीन आंतरदेशीय पत्रं आणली. तिन्हींवर 'ती. बाबांस सा. न.' एवढंच लिहिलं गेलं.

सराव तिने सोडला नाही. आई शेतावर जायची, ती उखळाभोवती पळायची. पण आता एक खोड लागली होती. चौथ्या फेरीला पाय आपोआप थांबायचे आणि मान बेड्याकडे वळायची. बेडं लावलेलं असायचं. हाक कुणी मारलेली नसायची. मग ती परत पहिल्यापासून पळायची.

एक दिवस ती शाळा सुटल्यावर रत्नागिरीला जाऊन मयेकर सरांना भेटली.

"सर, अर्ज कसा लिहायचा?"

"कशासाठी?"

"लिफ्टसाठी."

सरांनी शिट्टी गळ्यात अडकवली. "आधी विषय. मग महोदय. मग कारण, मग विनंती. रडायचं नाही. अर्ज ओला झाला की टेबलावरून पुढे सरकत नाही."

तिने त्यांच्यासमोरच बसून लिहिला. सरांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि पाकिटाला तिकीट लावलं. अर्ज असा होता:

प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, माझे वडील लिफ्ट चालवतात ती इमारत, फोर्ट, मुंबई.

विषय: लिफ्ट तीन दिवस बंद ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, पुढील वर्षी मे महिन्यात शिबिराचा शेवटचा सामना ज्या दिवशी असेल तो दिवस, तसेच येण्याचा एक व जाण्याचा एक असे एकूण तीन दिवस, आपल्या इमारतीतील सर्व साहेबांनी जिन्याने ये-जा करावी. मजले सहाच आहेत. दम लागत असल्यास आमचे सर शिकवतील. सदर तीन दिवस गणपतीच्या रजेतून कापू नयेत, कारण ती आधीच कमी पडते. वडिलांनी फक्त बाकावर बसायचे आहे, त्यांना हाक मारण्याचे काम नाही. मी किती वेळ टिकेन हे आत्ता लेखी देता येत नाही, तरी जेवढा वेळ टिकेन तेवढा वेळ वडिलांस समक्ष हजर राहण्याची परवानगी मिळावी, व ती त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणासही देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.